मानेतील मज्जातंतू आणि जहरावींचा इशारा

आम्हा शिक्षकांची रोजीरोटी आवाजावर चालते. हा आवाज मानेतल्या दोन बारीक मज्जातंतूंवर अवलंबून असतो. दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गॅलेन यांनी डुकरावरील प्रयोगात ते कापले, तेव्हा ओरडणारे जनावर एकदम मुके झाले. हे तंतू सरळ स्वरयंत्राकडे जात नाहीत. ते आधी खाली उतरतात. डावा महाधमनीला, तर उजवा हाताकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालून पुन्हा वर येतो.

नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक यांनी गॅलेनच्या अनेक ग्रंथांचा सुरयानी आणि अरबीत तर्जुमा केला. हुनैन ख्रिस्ती होते. इल्मच्या या कामात धर्म आड आला नाही. पुढे दहाव्या शतकात, स्पेनमधल्या कुर्तुबा परिसरात अबुल कासिम अल-जहरावी यांनी 'अत-तसरीफ' हा 30 भागांचा ग्रंथ रचला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. त्याच्या प्रस्तावनेत ते एक प्रसंग सांगतात. एका अडाणी वैद्याने एका स्त्रीच्या मानेवरची गंडमाळ कापायला घेतली, धमन्या कापल्या गेल्या आणि ती त्याच्यासमोरच रक्तस्रावाने मरण पावली. जहरावींचा इशारा स्पष्ट आहे: शरीररचना शिकल्याशिवाय शस्त्र हाती धरू नका.

पण रचना तोंडपाठ असली तरी पुरत नाही. 1823 मध्ये स्टेडमन यांनी उजवा मज्जातंतू वळसा न घालता थेट स्वरयंत्राकडे गेल्याची नोंद केली. अशा माणसात उजव्या हाताची धमनी नेहमीच्या जागेऐवजी महाधमनीच्या कमानीवरून शेवटी निघते आणि बहुधा अन्ननलिकेच्या मागून जाते. मग मज्जातंतूला वळसा घालायला काही उरतच नाही. असे साधारण शंभरात एखाद्याच्याच बाबतीत घडते. डाव्या बाजूला तर ते अतिशय दुर्मीळ आहे. पण गलगंडाची शस्त्रक्रिया करताना सर्जन हा आडवा तंतू रक्तवाहिनी समजून कापू शकतो आणि रुग्णाचा आवाज कायमचा बसू शकतो.

बर्नचे थिओडोर कोखर यांना थायरॉइडवरील कामासाठी 1909 चे नोबेल मिळाले. रक्तस्राव काटेकोरपणे रोखत, सावकाश आणि उतींना जपत शस्त्रक्रिया करणे ही त्यांची ख्याती होती. आजही चांगला सर्जन आधी तो तंतू डोळ्यांनी शोधतो, मगच कापतो.

पुस्तक शरीराचा सर्वसाधारण नकाशा देते. समोरचे शरीर मात्र प्रत्येक वेळी नव्याने वाचावे लागते. वर्गात चाळीस मुले बसलेली असतात, तेव्हा मलाही हेच आठवते.