ब्रेकची खरखर आणि अब्बांचा खोकला

मागच्या पावसाळ्यात पाहुण्यांना घेऊन सिंहगडावर गेलो होतो. उतरताना घाटभर ब्रेकवर पाय होता. डोणज्याला येईपर्यंत पुढच्या डाव्या चाकातून खरखर सुरू झाली आणि खडकवासल्यात घरी पोचेपर्यंत ती पायाला पेडलवरही जाणवायला लागली. अब्बा ओट्यावर बसले होते. गाडी थांबायच्या आधीच म्हणाले, "पॅड संपलंय. लोखंडाला लोखंड लागतंय. आता गाडी काढू नको."

अब्बा चाळीस वर्षं पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये मिस्त्री होते. त्यांना आवाजावरून रोग कळतो. ब्रेक दाबल्यावर बारीक, शिट्टीसारखी चीं वाजली तर पॅड संपत आलंय. त्यासाठीच अनेक पॅडना पत्र्याची छोटी पट्टी असते. जाड खरखर आली म्हणजे पॅडचा मसाला संपून मागची पट्टी डिस्कला घासतेय. ब्रेक न दाबताही आवाज येत राहिला तर डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकलेला असू शकतो. वळणावर आवाज बदलला तर संशय बेअरिंगवर. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला होणारी खसखस ही डिस्कवरच्या गंजाची. ती आपोआप जाते.

दुसऱ्या दिवशी काम काढलं. अब्बा खुर्चीवर, मी जमिनीवर. सपाट जागा, पहिला गिअर, हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा. चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक लावला आणि गाडी स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हा अब्बांचा पहिला नियम. कॅलिपर सोडवून तारेने वर बांधला. तो पाइपवर लोंबकळला तर पाइप खराब होतो. आतलं पॅड बघितलं. मसाला नावालाही नव्हता, डिस्कवर गोल चरे पडले होते.

कॅलिपरमध्ये काळी भुकटी साचली होती. ती झाडायला मी तोंड पुढे केलं, तसा अब्बांनी माझा दंड धरला.

"फुंक मारू नको, बेटा." एवढं बोलले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

या भुकटीला मोठा इतिहास आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने निघाल्या. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा वाटेतल्या बाउश्लॉट गावात एका मोच्याने त्यांना चामडं ठोकून दिलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनर ते हेच, असं म्हणतात. बर्थाबाईंचं नाव पुस्तकांत आहे. मोच्याचं नाव मला कुठे सापडलं नाही.

१८९७ मध्ये इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड यांनी घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी नवं अस्तर बनवायला घेतलं. १९०२ मध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, पण त्यात धातूवर धातू घासून कानठळ्या बसवणारा आवाज होई. म्हणजे आमच्या गाडीचाच रोग. उपाय निघाला तो ॲस्बेस्टॉसचा. फ्रूड १९०८ पासून ते वापरू लागले. ते जळत नाही, तापलं तरी पकड सोडत नाही, शिवाय स्वस्त. पुढे अनेक दशकं जगभरच्या गाड्या त्याच्या जोरावर थांबल्या. त्याचे तंतू फुफ्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी कर्करोगापर्यंत नेऊ शकतात, हे मान्य व्हायला फार वेळ गेला. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. दहा वर्षांनी मुंबईतल्या अशाच एका कारखान्याच्या कामगारांची पाहणी प्रसिद्ध झाली. तपासलेल्या दर पाच जणांमागे एकाहून जास्त जणांना ॲस्बेस्टोसिस होता. सरसकट बंदी आपल्याकडे अजून नाही.

हे सगळं कारखान्यातल्या कामगारांचं. त्यांच्या हाती निदान हजेरीपट होता. गॅरेजमधल्या पोराचं काय? उस्तादाच्या हाताखाली शिकणाऱ्या शागिर्दाला हजेरीपट नसे, तपासणी नसे. आमच्या नात्यागोत्यात अशी किती पोरं बारा-तेराव्या वर्षी शाळा सोडून पाना हातात घेऊन बसली! ड्रम उघडायचा, फुंक मारायची, लायनर घासायचं, हे त्यांचं रोजचं काम.

अब्बांचं पहिलं काम मात्र वेगळं होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली आणि पुणं बुडालं. अब्बा तेव्हा बारा वर्षांचे. पुरातून काढलेल्या गाड्यांच्या ड्रममधला गाळ बादल्या-बादल्या पाणी ओतून धुवायला उस्तादांनी त्यांना बसवलं. "तेवढंच काम ओलं होतं," अब्बा म्हणाले, "पुढे चाळीस वर्षं कोरडंच."

त्यांचा खोकला कशाचा, हे डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत. अब्बा बिडीही ओढत. मी कुणावर ठपका ठेवत नाही. पण प्रश्न मनातून जात नाही.

भुकटी मी ओल्या फडक्याने टिपली आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं. डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापाच्या खाली गेली होती, म्हणून लेथवर न नेता नवीच आणली. एका बाजूची बदलली की दुसऱ्याही बाजूची बदलायची, नाहीतर गाडी एकीकडे ओढते. पिस्टन हळूहळू मागे ढकलला, ब्रेक ऑईल वर येऊन सांडत नाही ना ते पाहिलं, सरकत्या पिनांना ग्रीस लावलं. डिस्कला ग्रीसचा बोटही लागू द्यायचा नाही. शेवटी गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबलं. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही.

धरणापर्यंत सावकाश चक्कर मारून आलो. आवाज नव्हता. अब्बांनी हात धुताना विचारलं, "त्या पोरांना सांगशील ना?" कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दोन शागिर्द आहेत. संध्याकाळी ओल्या फडक्याची गोष्ट त्यांना सांगून आलो. एकजण हसला. दुसऱ्याने विचारलं, "मास्क कुठला घेऊ?"