मायको सर्कल, एक नोझल आणि एसयूव्हीचं बिल

चार मित्र जमले की गप्पांचा क्रम ठरलेला असतो. आधी पगारवाढ, मग फ्लॅट, मग गाडी. आणि गाडीवर आलं की एक जण हमखास म्हणतो, "नवी सेडान कशाला घेतोस? तेवढ्यात सात वर्षं जुनी परदेशी एसयूव्ही येते!" येते खरी. खरा खर्च नंतर येणाऱ्या बिलांचा असतो.

पण मोठी गाडी म्हणजे मोठं बिल हे समीकरण काही पहिल्यापासून नव्हतं. ते कसं तयार झालं हे बघायला नाशिकइतकं सोयीचं गाव नाही. सातपूरला महिंद्राचा गाडीचा कारखाना, इगतपुरीला त्यांचाच इंजिनांचा, आणि पुन्हा सातपूरलाच डिझेलची नोझल्स बनवणारी मायको. (२००८ पासून कंपनीचं नाव बॉश आहे, पण चौक अजून मायको सर्कलच. नाशिककर रिक्षावाल्याला 'बॉश सर्कल' सांगून बघा!)

सुरुवात जीपपासून. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलीज जीप भारतात आणायला सुरुवात केली. ती मुळात युद्धासाठी काढलेली गाडी, त्यामुळे उघड्यावर, हाताशी असेल त्या हत्यारांनी दुरुस्त व्हावी हाच तिचा स्पेसिफिकेशन डॉक्युमेंट म्हणा ना. पुढे १९८० च्या दशकात तिच्यात प्यूजोचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन आलं, एमएम ५४० आली आणि १९९३ मध्ये नाशिकची आर्माडा. दिसायला गाड्या बदलल्या, पण दुरुस्तीची रीत तीच राहिली.

ही रीत समजायला नोझल समजून घ्यावं लागेल. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि मग त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा. हा फवारा मारतं ते नोझल. जुन्या प्यूजो इंजिनात ते शंभर-सव्वाशे बार दाबाला उघडायचं. (तुलनेसाठी, कारच्या टायरमध्ये सव्वादोन-अडीच बार हवा असते.) गाडी काळा धूर सोडायला लागली की पंप-नोझलवाल्याकडे जायचं. त्याच्याकडे हाताने दांडा मारायचा टेस्टर. नोझल लावलं, दांडा दाबला, फवारा बघितला. धुक्यासारखा पसरला तर ठीक, धार लागली किंवा थेंब गळला तर बाद. दाब कमी असेल तर आत एक शिम टाकायची. अख्खं निदान डोळ्याने आणि कानाने! नोझल बदलावं लागलं तरी काही शेकड्यांत काम. मजुरी माणसाच्या कसबाची असायची आणि ते कसब गल्लोगल्ली उपलब्ध होतं.

मग आली स्कॉर्पिओ. त्याआधी १९९६ मध्ये महिंद्रा आणि फोर्डच्या भागीदारीत फोर्ड एस्कॉर्ट नाशिकलाच बनली. एस्कॉर्ट फार काळ टिकली नाही, पण आधुनिक कार कशी बांधतात याची शिकवणी इथे झाली. जनरल मोटर्स सोडून १९९३ मध्ये महिंद्रात आलेले पवन गोएंका यांच्या पुढाकाराने स्वतःची गाडी करायची ठरली, आणि २० जून २००२ ला स्कॉर्पिओ बाजारात आली. खर्च सहाशे कोटींच्या आसपास, म्हणजे बड्या परदेशी कंपन्या एका नव्या मॉडेलवर घालवतात त्याच्या अगदी थोड्या भागात. हे कसं जमलं? महिंद्रांनी सुट्या भागांचे आराखडे स्वतः काढत बसण्याऐवजी पुरवठादारांनाच सांगितलं की अमुक गरज आहे, पूर्ण सिस्टीम तुम्ही डिझाइन करून द्या. आपल्या भाषेत मॉड्यूल आउटसोर्स केलं. अभिमान वाटावा असंच काम होतं, यात वाद नाही.

मात्र मॉड्यूल आलं की त्याच्या आतलं ज्ञान मॉड्यूल बनवणाऱ्याकडे राहतं. जीपमध्ये भाग बिघडला की तो भाग दुरुस्त व्हायचा. आता असेंब्ली बदलायची.

पहिल्या स्कॉर्पिओचं २.६ लिटर टर्बो डिझेल अजून जुन्या पद्धतीच्या पंपावर चालायचं. खरा उंबरठा ओलांडला तो २००५ च्या सुमारास, सीआरडीई म्हणजे कॉमन रेल इंजिनाने. कारसाठी हे तंत्र घडलं ते इटलीत, फियाटच्या संशोधकांकडे. ते बॉशने घेतलं आणि १९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ मध्ये पहिल्यांदा बाजारात आलं. यात एका जाड नळीत डिझेल सतत प्रचंड दाबाने भरून ठेवतात. पहिल्या पिढीत १३५० बार, पुढे १६००, आता तर दोन हजारांच्या वर. इंजेक्टर कधी आणि किती उघडायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, एका स्फोटासाठी अनेकदा उघडमीट करतो. म्हणून गाडी शांत चालते, कमी पिते, जास्त ओढते. सुख आहे ते इथूनच आलंय.

आणि बिलही. आतल्या सुईची फट काही मायक्रॉनची. (आपला केस साठ-सत्तर मायक्रॉनचा!) हाताचा टेस्टर इथे कुचकामी. बऱ्याच इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो. इंजेक्टर बदलला की तो कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो, नाहीतर गाडी खडखडते. म्हणजे पाना असून उपयोग नाही, लॉगिन पाहिजे. एका नव्या इंजेक्टरची किंमत पाच आकडी, आणि इंजिनात असतात बहुधा चार.

यात आपल्याकडच्या डिझेलने भर घातली. २००५ मध्ये मुंबई-पुण्यासह काही मोठ्या शहरांना ३५० पीपीएम गंधकाचं डिझेल मिळू लागलं, बाकीचा देश २०१० पर्यंत ५०० वर होता. त्याहून वाईट म्हणजे भेसळ. रेशनचं रॉकेल स्वस्त, डिझेल महाग, मग मिसळा. रॉकेलला वंगणाचा गुण कमी आणि कॉमन रेलचा पंप व इंजेक्टर डिझेलच्याच वंगणावर जगतात. जुनं नोझल हे सगळं पचवून घ्यायचं. इथे गोष्ट फक्त गाडीच्या बिलाची राहत नाही. याच नाशिक जिल्ह्यात, मनमाडजवळ पानेवाडी परिसरात, भेसळ रोखायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ ला जिवंत जाळलं गेलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता.

आता त्या परदेशी एसयूव्हीकडे येऊ. टाटांनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतली, २०११ पासून फ्रीलँडर २ पुण्यात जोडली जाऊ लागली, आणि या गाड्या आपल्या रस्त्यांवर वाढल्या. वर सांगितलेला सगळा कॉमन रेलचा मामला त्यांच्यातही आहेच, शिवाय काहींमध्ये हवेचं सस्पेन्शन. रेंज रोव्हरने ते १९९२ मध्ये आणलं. स्प्रिंगच्या जागी रबराची हवा भरलेली पिशवी. रबर जुनं होतं, भेगा पडतात, हवा हळूहळू निसटते. मग ती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालतो आणि तोही जळतो. म्हणजे वेळीच न बघितलेल्या एका भेगेपायी दोन बिलं. डिस्कव्हरी ३ आणि ४ चा टर्बो बदलायला तर अनेक गॅरेजवाले अख्खी बॉडीच चॅसीवरून उचलतात. आणि लक्षात घ्या, जुनी गाडी तुम्हाला निम्म्याहून कमी किमतीत मिळते, पण तिच्या पार्टची किंमत नव्या गाडीच्याच हिशोबाने असते. एक एअर स्ट्रट लाखाच्या घरात जाऊ शकतो.

बरं, बाहेरच्या गॅरेजमध्ये न्यावं तर? तिथे पार्टही मिळत नव्हते आणि स्कॅनरही. या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून २५४४ कोटींचा दंड ठोठावला. त्यात टाटा होते, मर्सिडीज-बीएमडब्ल्यू होत्या आणि २९२ कोटींसह आपली महिंद्राही. पुढे अपिलं, कोर्टं... असो. तेव्हापासून स्वतंत्र गॅरेजवाल्यांकडे स्कॅनर आलेत, पण गाडीच्या कॉम्प्युटरची प्रत्येक खोली त्यांना उघडते असं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेवढाच दिलासा.

एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतरच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टरही असतो. तो साफ व्हायला लांब, एकसारखं चालवणं लागतं. फक्त कॉलेज रोड ते आयटी पार्क करणाऱ्याने डिझेलच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

आणि तरी जुनी डिझेल एसयूव्ही घ्यायचीच असेल, तर स्कॅनरच्या रिपोर्टवर थांबू नका. चांगल्या पंप-नोझलवाल्याला रिटर्न टेस्ट करायला सांगा. तो प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक छोटी प्लॅस्टिकची बाटली लावतो आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवतो. झिजलेल्या इंजेक्टरमधून जास्त डिझेल परत येतं. चारही बाटल्या एका ओळीत धरायच्या आणि बघायचं, कुठली जास्त भरली ते.