ब्रूज पाहिलंस, आता जुन्नर पाहा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा मुलगा आमच्या महाळुंग्यातल्याच एका कारखान्यात नोकरीला आहे. कंपनीनं त्याला प्रशिक्षणासाठी दोन महिने बेल्जियमला धाडलं. परत आला तो मोबाइलमध्ये शेकडो फोटो घेऊन. त्यातले निम्मे एकाच गावाचे, ब्रूजचे. गावातून फिरणारे कालवे, त्यांवर दगडी पूल, उतरत्या छपरांची विटांची घरं आणि भर चौकात ८३ मीटर उंचीचा घंटांचा मनोरा. ३६६ पायऱ्या चढून स्वारी वर जाऊन आली होती. फोटो दाखवता दाखवता म्हणाला, "अब्बा, सातशे-आठशे वर्षांपूर्वीचं शहर, आणि अजून उभं! आपल्याकडे असं काही नाही."

शेवटचं वाक्य मला लागलं. मी म्हटलं, "येत्या रविवारी गाडी काढ. जुन्नरला जाऊ."

"जुन्नर? शाळेच्या सहलीत गेलोय की. शिवनेरी पाहिलाय."

"शिवनेरी पाहिलास. जुन्नर नाही पाहिलंस."

तर मंडळी, आम्ही निघालो. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि तिथून डावीकडे. रविवार असल्यामुळे चाकणच्या चौकात ट्रक जरा कमी होते. वाटेत ब्रूजचाच विषय निघाला. फोटो पाहिल्यावर मीही थोडं वाचून ठेवलं होतं. ब्रूज समुद्रावर नाही. झ्विन नावाच्या खाडीनं ते समुद्राशी जोडलेलं होतं. इंग्लंडची लोकर तिथं उतरायची, तिचं कापड व्हायचं, इटलीचे सावकार तिथं पेढ्या मांडून बसायचे. व्हान देर ब्युर्झे नावाच्या कुटुंबाची तिथं एक खाणावळ होती. व्यापारी तिथं जमून सौदे करत. युरोपात शेअर बाजाराला 'बूर्स' म्हणतात, तो शब्द या घराण्याच्या नावावरून आला, असं मानतात.

पुढं खाडी गाळानं भरली. १५०० सालच्या आसपास व्यापार अँटवर्पला गेला आणि ब्रूज गरीब झालं. इतकं गरीब, की जुनी घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसा नव्हता. म्हणून ती घरं राहिली. पुढं लोकांना त्यांची किंमत कळली, आणि २००० साली युनेस्कोनं ते गाव जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं.

मुलगा म्हणाला, "म्हणजे गरिबीनं वाचवलं." मी म्हटलं, "हो. आता आपलं गाव बघ."

जुन्नरही समुद्रावर नाही. त्याची खाडी म्हणजे नाणेघाट. कोकणच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर हा घाट चढून जुन्नरला यायचा. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असं सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. जुन्नरच्या चारही बाजूंच्या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत. ती कोणी कोरवली? त्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. धान्य विकणाऱ्यांची श्रेणी, बांबूचं काम करणाऱ्यांची श्रेणी, काशाची भांडी करणाऱ्यांची श्रेणी. काही नावं यवनांचीही आहेत. ब्रूजमध्ये कारागिरांचे संघ होते, असं माझा मुलगा कौतुकानं सांगत होता. आमच्या जुन्नरला ते त्याच्याआधी हजार वर्षं होते.

जुन्नरचं मध्ययुगातलं वर्णन एका रशियन माणसानं लिहून ठेवलं आहे. त्याचं नाव अफनासी निकितिन, गाव त्वेर. १४६९ च्या सुमारास तो एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला आणि मजल दरमजल करत जुन्नरला आला. त्या वेळी इथं बहामनी राज्य होतं. निकितिन पावसाळाभर जुन्नरला अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. घोड्यांना इथले लोक हरभरा घालतात आणि साखर, तूप घालून खिचडी शिजवतात, याचंही त्याला नवल वाटलं. शहर डोंगरावर आहे आणि वर जायची वाट इतकी अरुंद, की दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत, असं तो सांगतो. हे ऐकताच मुलगा म्हणाला, "हा तर शिवनेरी!"

आता त्याची पुढची हकिकत ऐका. जुन्नरचा सुभेदार असदखान यानं निकितिनचा घोडा जप्त केला आणि फर्मावलं, चार दिवसांत मुसलमान हो. झालास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा. नाही झालास तर घोडाही गेला आणि दंडही. परक्या मुलुखात एकटा माणूस, जवळ सारी पुंजी म्हणजे तो घोडा. निकितिननं देवाचा धावा केला. तेवढ्यात खोजा महंमद नावाचा एक खुरासानी तिथं आला. तो खानाकडे गेला, रदबदली केली, धर्मांतराची अट रद्द करवली आणि घोडाही परत आणून दिला.

या गोष्टीत जुलूम करणारा मुसलमान आहे आणि सोडवणाराही मुसलमान आहे. मी मुलाला दोघांचीही नावं सांगितली. काहींना फक्त असदखान सांगायला आवडतो, काहींना फक्त खोजा महंमद. निकितिननं दोघांनाही लिहून ठेवलं, कारण त्याच्यासाठी दोघेही खरे होते.

पुढं १४९० साली याच जुन्नरचा सुभेदार मलिक अहमद यानं स्वतःची सत्ता स्थापन केली. तीच निजामशाही. त्याचा बाप मूळचा ब्राह्मण, तिमाप्पा नावाचा, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. अहमदनगर वसलं ते नंतर. मलिक अंबरच्या काळात काही वर्षं जुन्नर पुन्हा राजधानी होतं. १६३० साली शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. आणि १६५७ साली महाराजांनीच रात्री तटाला शिड्या लावून मोगलांचं जुन्नर लुटलं, तेव्हा दोनशे घोडे आणि तीन लाख होन हाती लागले. म्हणजे शहर किती भरलेलं होतं बघा.

मग ते रितं कसं झालं? इथं काही गाळ साचला नाही. पण बोरघाटातून १८३० साली गाडीरस्ता झाला, १८६३ साली रेल्वे चढली आणि नाणेघाटातले बैल थांबले. ब्रूजसारखंच झालं. व्यापाराची वाट दुसरीकडे वळली.

हापूसबागेत आम्ही सौदागर घुमट पाहिला. काळ्या दगडाची भरभक्कम चौकोनी इमारत, वर मोठा घुमट. आत कबरी. त्या रविवारी तिथं आम्ही दोघं आणि चार शेळ्या. मुलगा बराच वेळ कमानींचे फोटो काढत होता.

मग मी त्याला कुकडीच्या काठी नेलं. तिथं पाहण्यासारखं काही नाही. पण माझ्या नानीचं माहेर जुन्नरचं, आणि माहेरचं आडनाव कागदी.

जुन्नर हे कागदाचं गाव होतं. मराठ्यांच्या दफ्तरांत जे कागद वापरले जात त्यांत दौलताबादी आणि जुन्नरी कागदाचं मोठं नाव होतं. तो करणारे कागदी मुसलमान. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे, तिथले कारागीरही जुन्नरहून गेलेले. काम मोठं कष्टाचं. जुनी गोणपाटं तोडायची, चुन्यात भिजवायची, पायानं चालवायच्या जड हातोड्याखाली कुटायची, नदीत धुवायची. लगदा हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या जाळीवर एकेक ताव उचलायचा, भिंतीला लावून वाळवायचा, खळ द्यायची आणि शेवटी गुळगुळीत दगडानं घोटायचा. घोटीव कागदावर बोरू अडखळत नाही. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हे सारं बसलं. नानीच्या लहानपणीच तिच्या घरातलं काम बंद झालं होतं. तिनं सासरी आणला तो फक्त एक घोटायचा दगड.

हे सगळं मी का सांगतो? पुष्कळ वर्षांपूर्वी एका कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो, तेव्हा एका सद्गृहस्थांनी पाठीवर हात ठेवून विचारलं, "तुम्ही मुसलमान असून मराठी इतकं छान कसं लिहिता?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी हसलो आणि चहा घेतला. पण उत्तर सुचलं नाही, आणि ते न सुचणं बरीच वर्षं सलत राहिलं.

उत्तर कुकडीच्या काठी होतं. पुण्याच्या दफ्तरात जे लाखो मोडी कागद आहेत, ज्यांच्या आधारानं आपण मराठ्यांचा इतिहास लिहितो, त्यांतले कित्येक माझ्या नानीच्या वाडवडिलांसारख्यांनी कुटलेले, धुतलेले, घोटलेले आहेत. मराठी लिहिणारा हात आणि तिच्याखाली कागद धरणारा हात, दोन्ही याच मातीतले. मग मी मराठी कसं लिहितो, हा प्रश्नच कुठं उरतो?

परतताना महाळुंग्याच्या जवळ आलो तसे दोन्ही बाजूंना कारखान्यांचे दिवे लागले होते. मी लहान असताना इथं ज्वारीची शेतं होती. मुलगा म्हणाला, "अब्बा, उद्या गाड्यांचा धंदाही दुसरीकडे गेला तर आपल्या गावाचं काय राहील?"

मी म्हटलं, "कोणी काय काम केलं ते लिहून ठेवलं, तर राहील. ब्रूजच्या लोकांनी घरं राखली. आपल्याला निदान नावं तरी राखता येतील."

घरी आल्यावर त्यानं माझ्या टेबलावरचा तो दगड उचलला. आजवर त्याला तो नुसता कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला दगड वाटत होता. बोटानं चाचपून म्हणाला, "एका बाजूनं किती झिजलाय." मग त्यानं त्याचा फोटो काढला. ब्रूजच्या फोटोंशेजारी तो आता त्याच्या मोबाइलमध्ये आहे.