सभिकाचा वाटा

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण बलिप्रतिपदा म्हणतो, दिवाळीचा पाडवा म्हणतो. तिचे तिसरे नाव आता फारसे कोणी उच्चारीत नाही. ते नाव द्यूतप्रतिपदा. या दिवशी फासे खेळावेत असे धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांनी सांगितले आहे आणि त्याला कथाही जोडली आहे. या दिवशी शंकर-पार्वतीचा डाव झाला, शंकर हरले आणि पार्वती जिंकली. म्हणून आज जो जिंकेल त्याचे वर्ष सुखात जाईल. वेरूळच्या १४ आणि २१ क्रमांकांच्या लेण्यांत हा डाव दगडात कोरलेला आहे. वर्षाचे बाकीचे दिवस ज्या व्यसनाची निंदा करायची, ते एक दिवस विधी म्हणून करायचे, अशी ही व्यवस्था.

द्यूताच्या इतिहासावर लिहिणारे बहुधा जिंकणारा आणि हरणारा या दोघांविषयीच लिहितात. माझे लक्ष गेली काही वर्षे तिसऱ्या माणसाकडे आहे. तो खेळत नाही. जागा त्याची, फासे त्याचे, दिवाबत्ती त्याची. संस्कृत ग्रंथांत त्याला ‘सभिक’ म्हणतात. फाशांचा खेळ शहाणपणाने शिकायचा तर आधी या माणसाचा वाटा किती, हे शिकावे लागते.

कौटिल्याने ही गोष्ट आडपडदा न ठेवता मांडली. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. खेळ एकाच ठिकाणी व्हावा, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करावा, असे तो सांगतो. कारणही स्पष्ट देतो: चोरून उपजीविका करणारे लोक द्यूतगृहात आपोआप सापडतात. अध्यक्षाने जिंकलेल्या धनातून शेकडा पाच घ्यावेत, शिवाय फाशांचे भाडे, पाण्याचे आणि जागेचे पैसे वेगळे. खोटे फासे वापरणाऱ्याला दंड आहेच. मनूला हे मान्य नव्हते. राजाने द्यूत बंदच करावे असे त्याचे मत. याज्ञवल्क्य मात्र कौटिल्याच्या वाटेने जातो. त्याचा दर असा: शंभर किंवा त्याहून मोठ्या रकमेच्या डावात जिंकणाऱ्याकडून सभिकाने शेकडा पाच घ्यावेत, लहान डावात शेकडा दहा. बदल्यात सभिकाने राजाचा भाग राजाला द्यायचा आणि जिंकणाऱ्याचे पैसे त्याला वसूल करून द्यायचे. याज्ञवल्क्यावरची ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात लिहिली. पुढे पेशवाईत पुण्यातले शास्त्री न्यायनिवाड्यात ज्या ग्रंथांचा आधार घेत, त्यांत ती प्रमुख होती. शनिवारवाड्याच्या सावलीत वावरणाऱ्या शास्त्र्यांना सभिकाचा दर पाठ असणार, यात मला शंका वाटत नाही.

आता थोडे गणित. दोघे बरोबरीचा डाव खेळतात, दोघांनाही जिंकण्याची संधी निम्मी, प्रत्येकाने शंभर लावले. सभिक फक्त जिंकणाऱ्याकडून पाच घेतो. म्हणजे मी जिंकलो तर पंच्याण्णव मिळवीन, हरलो तर शंभर घालवीन. दोन डावांत एकदा जिंकलो आणि एकदा हरलो की पाच रुपये गेले. दर डावाला अडीच. कौटिल्याचे ‘शेकडा पाच’ खेळणाऱ्याच्या दृष्टीने शेकडा अडीच आहेत. लहान डावाचे शेकडा दहा म्हणजे शेकडा पाच. हे आकडे लक्षात ठेवावेत, पुढे लागतील.

मराठी गद्याच्या आरंभीच एक द्यूताचे ऋण उभे आहे, याकडे आपले दुर्लक्ष होते. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त श्रीचक्रधरस्वामींचे पूर्वचरित्र येते. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरपाळदेव फासे खेळतो, खेळता खेळता मोठी रक्कम हरतो, आणि देणे भागवण्यासाठी पत्नी कमळाइसेकडे अलंकार मागतो. ती देत नाही. देणे अखेर वडील फेडतात, पण मुलाचे मन संसारातून उठते. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घर सोडतो आणि ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंपाशी पोहोचतो. महानुभाव परंपरेचा हा उगम. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त, जे आपल्याकडे देवलांनी रंगभूमीवर आणले, हीच गोष्ट विनोदी अंगाने येते. संवाहक दहा सुवर्ण हरून पळतो, सभिक माथुर त्याच्या मागे लागतो. संवाहक ओस देवळात मूर्ती होऊन उभा राहतो. माथुर आणि त्याचा साथीदार तिथेच डाव मांडतात आणि फाशांचा आवाज ऐकून मूर्तीला राहवत नाही. संवाहकही पुढे भिक्षू होतो. दोघांचेही नुकसान फाशांनी झाले खरे, पण त्यांना खऱ्या अडचणीत आणले ते हातात नसलेल्या पैशावर खेळण्याने. द्यूतावरचे आपले सारे वाङ्मय नीट वाचले तर बहुतेक अनर्थ उधारीपाशी सुरू होतात. युधिष्ठिराचेही तेच, फक्त त्याच्याकडे उधार म्हणून भाऊ आणि बायको होती.

सभापर्वाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते, ही कथा भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत नाही. त्या आवृत्तीचे सभापर्व फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादले आहे. तिथे युधिष्ठिर दर डावाला काय लावतो याची लांबलचक वर्णने आहेत. दान काय पडले याविषयी जवळजवळ काहीच नाही. शकुनी फासे टाकतो आणि ‘जिंकले’ म्हणतो. खेळ कसा चालतो हे युधिष्ठिर विचारीत नाही, मोजीत नाही.

मोजणारा माणूस पुढच्याच पर्वात भेटतो. नलोपाख्यानात राजा ऋतुपर्ण रथातून जाताना बेहड्याचे झाड बघतो आणि दोन फांद्यांवरची पाने पाच कोटी, फळे दोन हजार पंच्याण्णव असे सांगून मोकळा होतो. नळ रथ थांबवून मोजतो. हिशेब बरोबर निघतो. मग अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्ण त्याला ‘अक्षहृदय’ शिकवतो आणि नळाच्या अंगातून कली बाहेर पडून त्याच बेहड्यात शिरतो. वैदिक काळचे फासे म्हणजे बेहड्याची फळेच. आपल्या त्रिफळाचूर्णातला हा बेहडा. थोडे बघून सगळ्याचा अंदाज बांधण्याची विद्या आणि फाशांची विद्या एकच, असे ही कथा मानते. संभाव्यतेच्या इतिहासावर १९७५ साली पुस्तक लिहिणारे इयन हॅकिंग यांनी या प्रसंगाकडे युरोपीय वाचकांचे लक्ष वेधले. तिकडे पास्काल आणि फर्मा यांची फाशांवरची पत्रे १६५४ सालची आहेत.

आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यांत जे फासे चालले ते सोंगट्यांचे. कापडी पट, चार रंगांच्या सोंगट्या आणि तीन लांबट फासे. फाशाला चार बाजू, त्यांवर एक, दोन, पाच, सहा असे ठिपके. ‘दान पडणे’, ‘फासे उलटे पडणे’, ‘डाव साधणे’ हे सारे त्या पटावरून आपल्या बोलण्यात आले. ‘पोबारा करणे’ सुद्धा. एका फाशावर एक आणि दोनांवर सहा-सहा पडले की पौ आणि बारा. त्या दानाने सोंगटी सुसाट सुटते. तीन फाशांची दाने चौसष्ट प्रकारे पडतात, त्यांत पौबारा तीन प्रकारे. सरासरीने एकवीस-बावीस दानांत एकदा. आजी पट मांडताना हा अपूर्णांक सांगत नसे, पण पौबाऱ्यावर भिस्त ठेवून सोंगटी उघड्यावर टाकणाऱ्याला नावे ठेवीत असे. सोंगट्यांत सभिक नव्हता. हरले तर हरले, घरातल्याच कोणाकडे तरी गेले.

जत्रेत तो असतो. चित्रांच्या फाशांचा खेळ कोकणात, गोव्यात, विदर्भात निरनिराळ्या नावांनी चालतो. सहा चित्रे, तुम्ही एकावर पैसे ठेवायचे. तीन फाशांचा प्रकार घेऊ: आपले चित्र एकावर आले तर एकपट, दोनांवर दुप्पट, तिन्हींवर तिप्पट. ऐकताना वाटते की सहा चित्रे आणि तीन फासे, म्हणजे संधी निम्मी, वर दुप्पट-तिप्पट फुकट. प्रत्यक्षात दाने दोनशे सोळा. त्यांतल्या एकशे पंचवीस दानांत आपले चित्र येतच नाही. पंच्याहत्तरांत एकदा, पंधरांत दोनदा, एका दानात तिन्हीवर. पंच्याहत्तर, तीस आणि तीन मिळून एकशे आठ आले, एकशे पंचवीस गेले. दोनशे सोळांत सतरा, म्हणजे शेकडा पावणेआठहून थोडे जास्त. कौटिल्याच्या अध्यक्षापेक्षा तिप्पट, आणि कोणाला कळतही नाही, कारण कापून असे काहीच घेतलेले नसते. वाटा इथे बक्षिसाच्या दरात लपला आहे. सभिकाच्या इतिहासातला मोठा बदल मला हाच वाटतो.

या लेखाचे निमित्त आमच्याच गल्लीतले. पेठेतल्या कित्येक घरांची मुले अमेरिकेत आहेत, आणि आईवडील तिकडे गेले की ग्रँड कॅन्यनच्या वाटेवर लास व्हेगास घडतेच. एक निवृत्त शेजारी निघण्यापूर्वी मला म्हणाले, “अहो, तुम्ही इतक्या पोथ्या चाळता, तर तिथला तो फाशांचा खेळ कसा खेळायचा ते सांगा. मुलापुढे अडाणी दिसायला नको.” तो खेळ म्हणजे क्रॅप्स. इंग्लंडातल्या ‘हॅझर्ड’चा हा वंशज, फ्रेंचांमार्फत न्यू ऑर्लिन्सला गेला, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्नार द मारिन्यी या जमीनदाराने त्याला लोकप्रिय केले असे मानतात.

मी त्यांना असे सांगितले. फासे दोन, दाने छत्तीस. सात सहा प्रकारे पडतो, सहा आणि आठ प्रत्येकी पाच प्रकारे, पाच आणि नऊ चार, चार आणि दहा तीन, तीन आणि अकरा दोन, दोन आणि बारा एकेक. एवढे पाठ करा, बाकी खेळ यातूनच निघतो. ‘पास लाइन’वर पैसे ठेवायचे. पहिल्या दानात सात किंवा अकरा आले तर जिंकलात. दोन, तीन, बारा आले तर हरलात. उरलेल्यांपैकी जे येईल तो ‘पॉइंट’. मग सातच्या आधी पॉइंट पुन्हा आला तर जिंकलात, सात आधी आला तर हरलात. सगळा हिशेब केला की ४९५ पैकी २४४ वेळा जिंकणे येते. शंभरामागे सभिकाचे सुमारे १.४१ रुपये. कौटिल्यापेक्षा स्वस्त! पॉइंट ठरल्यावर मागे ‘ऑड्स’ म्हणून जादा रक्कम ठेवता येते. चार-दहाला दुप्पट, पाच-नऊला दीडपट, सहा-आठला सहास पाच. हे दर दानांच्या प्रमाणाबरोबर जुळतात, त्या रकमेवर सभिकाला काहीच मिळत नाही. पण लावलेली रक्कम वाढते, म्हणून तीही खिशाच्या मापानेच.

टेबलाच्या मधल्या भागात मात्र हात घालू नये. ‘एनी सेव्हन’ म्हणजे पुढचे दान सातच येईल ही पैज. छत्तीसांत सहा, म्हणजे न्यायाचा दर पाचपट, देतात चौपट. शेकडा १६.६७. बाराच्या पैजेला न्यायाने पस्तीसपट हवे, देतात तीसपट. शेकडा जवळजवळ चौदा. तासाला शंभर दाने धरली तर पास लाइनचे तीसेक निकाल लागतात. दर वेळी शंभर रुपये लावणाऱ्याचे सरासरीने तासाला बेचाळीस रुपये जातील. तोच माणूस दर दानाला ‘एनी सेव्हन’ खेळला तर सोळाशेहून जास्त. टेबल तेच, फासे तेच. बाकी ‘हात गरम आहे’, ‘आता सात यायलाच हवा’ या गोष्टी ऐकून सोडून द्याव्या. फाशांना मागचे दान आठवत नाही. आणि तिकिटाचे, जेवणाचे पैसे वेगळ्या खिशात. हरलेले परत मिळवायला दुसरा खिसा उघडला की आपण कमळाइसेच्या दारात उभे.

“म्हणजे जिंकायचं कसं ते नाहीच,” ते म्हणाले. नाहीच.

लास व्हेगास लांब. गोवा रात्रीच्या बसच्या अंतरावर आहे. पुण्याहून पणजीला मांडवीतल्या बोटींवर जाणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते की या बोटींच्या मुळाशी बंदीचा कायदा आहे. गोवा, दमण आणि दीवचा सार्वजनिक जुगारविरोधी कायदा १९७६ चा. त्यात १९९२ साली कलम घालून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट दिली, १९९६ साली बोटींवरच्या टेबलांना. महाराष्ट्राने त्याच १९७६ साली, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला, म्हणजे कॅसिनोला परवाना देणारा. तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. बंदी घालणाऱ्या राज्यात कॅसिनो आले, परवानगी देणाऱ्या राज्यात सत्तेचाळीस वर्षे कागदच राहिला. मनू आणि याज्ञवल्क्य यांच्यातला वाद आपण मिटवलेला नाही, फक्त दोन राज्यांत वाटून घेतला आहे.

राजाचा भागही बदलला. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्स विकत घेण्याच्या रकमेवर अठ्ठावीस टक्के वस्तू व सेवा कर बसला, २२ सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के. कौटिल्याचा अध्यक्ष जिंकल्यावर मागे. आताचा कर आत शिरताना लागतो, मग फासे कसेही पडोत.

महाराष्ट्रात आजही चालतो तो मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. त्यात ‘जुगाराचा अड्डा’ कशाला म्हणायचे याची व्याख्या आहे. जुगाराची साधने जिथे जागेच्या मालकाच्या किंवा ती चालवणाऱ्याच्या फायद्यासाठी ठेवली जातात, मग तो फायदा जागेच्या भाड्याचा असो, साधनांच्या भाड्याचा असो की अन्य कसलाही, ती जागा. फाशांचे भाडे, जागेचे पैसे: कौटिल्याचीच यादी, फक्त तो ते घ्या म्हणत होता. पाडव्याच्या सकाळी घरच्या घरी पट मांडून चार आण्यांवर खेळणारे त्या व्याख्येत बसत नाहीत, कारण तिथे मधला माणूस नाही.