पूर्णविरामाची वर्तणूक: बिंदू, दंड आणि अक्षरजुळणी

नागपूर-रायपूर महामार्गावरील कोहमाऱ्याहून (जि. गोंदिया) पूर्वेकडे निघालेला वाचक छत्तीसगडमध्ये शिरतो, तेव्हा लिपी बदलत नाही, वाक्याचा शेवट मात्र बदलतो. मराठी वाक्य बिंदूने थांबते, हिंदी वाक्य बहुधा दंडाने. लिपी एकच असताना विरामव्यवस्था भिन्न असावी, हे लिपीच्या स्वभावातून नव्हे, तर मुद्रणाच्या इतिहासातून उलगडते.

मोडी दस्तऐवजांत शब्द न तोडता सलग लिहिण्याची रीत होती. बाळबोध पोथ्यांत दंड होता. पण तो प्रामुख्याने श्लोकाचा अर्ध आणि अंत दाखवी. इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी (१८०४–१८७७) यांना दिले जाते. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० मधली. पुढे खिळे जुळवताना ‘वि. स. खांडेकर’ यातील बिंदू संक्षेपाचा आणि वाक्यान्तीचा बिंदू विरामाचा, हा भेद जुळाऱ्याच्या वाचनात असे. खिळ्यात तो नव्हता.

संगणकीय जुळणीत हा भेद नियमात बांधावा लागतो. डोनल्ड नूथ यांच्या ‘टेक्’ या प्रणालीच्या मूळ योजनेत बिंदूनंतर वाक्यान्ताचे मोठे अंतर पडते. मात्र बिंदूपूर्वी कॅपिटल अक्षर असल्यास तो आद्याक्षराचा बिंदू मानून साधे अंतर ठेवले जाते. देवनागरीत असा अक्षरभेदच नाही. नियम जसाच्या तसा लावला, तर प्रत्येक आद्याक्षरानंतर वाक्य संपल्याचा भास होईल. त्याच प्रणालीत हा नियम बदलण्याची मुभा आहे: सर्व अंतरे सारखी करता येतात, किंवा एखादे चिन्ह ‘सक्रिय’ करून त्यालाच आज्ञेचे रूप देता येते. फ्रान्स वेल्थुइस यांच्या १९९१ च्या देवनागरी संचात तर रोमन ‘टी’पूर्वीचा बिंदू ‘त’चा ‘ट’ करतो, आणि दंडासाठी उभी रेघ टंकावी लागते. तिथे बिंदू विराम राहत नाही, वर्णाचाच अंश होतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. चिन्हाचे मूल्य त्याच्या आकारात नसून इतर चिन्हांशी असलेल्या भेदात असते. आकार उसना घेतला, तरी हे भेद आपोआप सोबत येत नाहीत. जुन्या विरामरहित संहितेत संपादक बिंदू घालतो, तेव्हा तो अर्थनिर्णय करीत असतो, आणि त्याची जबाबदारी प्रस्तावनेत स्वीकारतो. यंत्राने परस्पर घातलेले अंतर हाही अर्थनिर्णयच आहे. त्याला मात्र प्रस्तावना नसते. म्हणून हे नियम तपासणे हे पाठचिकित्सेचेच काम मानले पाहिजे.