कंटिन्युएशन मोटारगाडी

उत्पादन बंद झालेल्या एखाद्या अभिजात स्पोर्ट्‌स मोटारगाडीची मूळ निर्मात्याने किंवा त्याच्या परवान्याने, मूळ आराखड्याप्रमाणे अनेक वर्षांनंतर नव्याने बांधलेली गाडी म्हणजे कंटिन्युएशन मोटारगाडी होय. मराठीत तिला ‘अनुवर्ती गाडी’ म्हणता येईल. अशा गाड्या मोजक्याच बांधल्या जातात आणि त्यांतील अनेक शर्यतीसाठी सज्ज असतात.

इतर प्रकारांपासून भेद

जुनीच गाडी दुरुस्त करून पूर्वरूपात आणली, तर ती पुनर्स्थापित गाडी ठरते. मूळ निर्मात्याशी संबंध नसलेल्या व्यक्तीने बांधलेल्या हुबेहूब गाडीस प्रतिकृती म्हणतात. अनुवर्ती गाडी या दोहोंच्या मध्ये येते: तिचे सर्व भाग नवे असतात, मात्र नाव व मालिका मूळ निर्मात्याची असते.

नामकरण व चासी क्रमांक

अशा गाडीची ओळख प्रामुख्याने तिच्या चासी क्रमांकावरून ठरते. जग्वार कंपनीने १९६३ मध्ये शर्यतीसाठी ‘लाइटवेट ई-टाइप’ गाडीचे १८ क्रमांक राखून ठेवले होते. प्रत्यक्षात १२ गाड्याच तयार झाल्या. उरलेल्या सहा क्रमांकांच्या गाड्या बांधण्याची घोषणा कंपनीने २०१४ मध्ये केली. तेव्हा जग्वार ही मुंबईस्थित टाटा मोटर्सच्या मालकीची होती (२००८ पासून).

‘एक्सकेएसएस’ या गाडीच्या नऊ प्रती फेब्रुवारी १९५७ मध्ये कॉव्हेंट्री येथील ब्राउन्स लेन कारखान्याच्या आगीत नष्ट झाल्या होत्या. तितक्याच नव्या गाड्यांची घोषणा २०१६ मध्ये झाली. १९५५, १९५६ व १९५७ या तिन्ही वर्षी ल माँची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या ‘डी-टाइप’च्या नियोजित १०० पैकी ७५ गाड्याच बनल्या होत्या, उरलेल्या २५ गाड्यांचे काम २०१८ मध्ये हाती घेण्यात आले.

सर्वच निर्माते अपुरी मालिका पूर्ण करतात असे नाही. अमेरिकेतील शेल्बी कोब्रा गाडीच्या मूळ क्रमांकमालिका सीएसएक्स२००० व सीएसएक्स३००० अशा होत्या. अनुवर्ती गाड्यांसाठी सीएसएक्स४००० ही स्वतंत्र मालिका वापरली गेली. त्यामुळे केवळ क्रमांकावरून जुनी व नवी गाडी वेगळी ओळखता येते.

बांधणी

मूळ आराखडे अपुरे असल्यास जुनी गाडी सुटी करून तिच्या भागांची मापे घेतली जातात. बेंटले कंपनीने १२ नव्या ‘ब्लोअर’ गाड्यांसाठी १९२९ सालच्या आपल्या शर्यतीच्या गाडीचे भाग लेसरने स्कॅन केले. अ‍ॅल्युमिनियमचे कवच असलेली लाइटवेट ई-टाइप नेहमीच्या पोलादी गाडीपेक्षा सुमारे ११४ किलोग्रॅमने हलकी होती. नव्या गाड्यांतही तोच धातू वापरला गेला. चालकाच्या सुरक्षेसाठीचा पिंजरा (रोल केज), आसनपट्टे व अग्निशमन व्यवस्था यांबाबत मात्र आजच्या गरजांचा विचार करावा लागतो.

रस्ता व शर्यत

नव्याने बांधलेल्या गाडीला आजचे सुरक्षा व उत्सर्जनाचे नियम लागू होत असल्याने तिची रस्त्यासाठी नोंदणी होणे अवघड असते. अ‍ॅस्टन मार्टिनच्या २५ ‘डीबी४ जीटी कंटिन्युएशन’ गाड्या म्हणूनच केवळ शर्यतीच्या मार्गासाठी विकल्या गेल्या. ऐतिहासिक शर्यतींसाठी एफआयए ही आंतरराष्ट्रीय संघटना तांत्रिक पारपत्र देते. गाडीची रचना त्या कालखंडाशी जुळते, एवढेच ते प्रमाणित करते. गाडीच्या पूर्वेतिहासाची ग्वाही देत नाही. प्रत्यक्ष प्रवेशाचा निर्णय बहुधा स्पर्धेच्या संयोजकांकडे असतो.

मूळपणाचा वाद

समर्थकांच्या मते या गाड्यांमुळे पत्रा हाताने घडवण्यासारखी जुनी कौशल्ये टिकतात आणि अतिमौल्यवान मूळ गाड्या शर्यतीतील अपघातांपासून वाचतात. टीकाकारांच्या मते जुना क्रमांक मिळाला, तरी त्या काळच्या शर्यती व चालक यांचा इतिहास नव्या गाडीला मिळत नाही. गाडी हस्तांतरित होत गेल्यावर हा भेद पुसला जाऊ नये, म्हणून चासी क्रमांकाबरोबर बांधणीचे खरे वर्ष नोंदवणे महत्त्वाचे ठरते.