एक जूनची पिढी आणि आपली लेकरं

माझ्या अब्बांची जन्मतारीख १ जून. थोरल्या चुलत्यांचीही १ जून. मराठवाड्यात त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, १ जूनवाले ढिगाने निघतील. कारण साधं. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला घेऊन यायचा आणि म्हणायचा, "दुष्काळाच्या साली झालाय." गुरुजी बोटांवर हिशेब करून साल काढायचे आणि तारीख १ जून टाकायचे. जनरल रजिस्टरला ती एकदा चढली की नोकरी, निवृत्ती, पेन्शन सगळं तिच्यावरच.

या रजिस्टरात काय नसतं? नाव, बापाचं नाव, धर्म, जात, जन्मगाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून जुन्या दप्तरात उर्दू भेटते आणि तारखा फसली सनात. आजर, दै, बहमन असे महिने. सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. पण ते सगळं मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात. उतारा पाहिजे तर अर्ज करा, समोर उभे राहा. "कुणाचा रे तू? कशाला पाहिजे?" हा प्रश्न ठरलेला. आम्हाला तो अपमान वाटायचा. आज वाटतं, कपाटाचं खरं कुलूप तो प्रश्नच होता.

हे कपाट मोठ्या प्रमाणावर उघडलं ते २०२३ मध्ये. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सप्टेंबरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाडाभर निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. महसुली कागदांबरोबर शाळांची रजिस्टरंही बाहेर आली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. (उर्दू शिकून काय मिळणार, असं विचारणारे तेव्हा जरा गप्प होते.) सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. कधीकाळी पहिलीत बसलेल्या पोराचं नाव आणि जात आता घरबसल्या कुणालाही दिसते. त्यात नातवाचं भलं आहे, मी नाही म्हणत नाही. आपल्या बागवान, तांबोळी, अत्तार मंडळींनाही ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधत अशीच रजिस्टरं धुंडाळावी लागतात. तिथे नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं निघालं की घर हताश होतं.

पण ती नोंद पणजोबाची. आज पाचवीत असलेल्या लेकीची नोंद उघड्यावर असेल तर?

एका रात्री मी माझ्या मुलीचं नाव शोधून पाहिलं. मराठीत काही नाही. इंग्रजीत टाकलं, स्पेलिंग बदललं. आपल्या नावांची हीच गंमत आहे. मोहम्मद, मुहम्मद, महंमद तिन्ही एकच. तिसऱ्या खेपेला एका स्पर्धेची पीडीएफ यादी निघाली. मुलीचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, शाळा, माझा मोबाइल नंबर. बँकेच्या फोनवर ओळख पटवायला जन्मतारीख आणि आईचं नाव विचारतात, हे आठवलं आणि झोप उडाली. आयोजकांना फोन केला. तिकडून उत्तर आलं, "सर, सगळ्यांचीच आहे की."

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची खातरजमा केलेली संमती लागते. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीच्या तरतुदीला आणखी दीड वर्षाची मुदत दिली आहे. तोवर शोधायचं काम आपलंच. नाव अवतरणचिन्हात टाका, सोबत शाळेचं किंवा गावाचं नाव जोडा, मराठी, इंग्रजी, उर्दू तिन्ही लिप्यांत बघा. आपला मोबाइल नंबरही टाकून बघा. यादी बहुतेक त्यानेच सापडते. 'इमेज' पाहायला विसरू नका. अठराच्या आतल्या मुलाचा फोटो शोधातून काढायची विनंती पालक गुगलकडे करू शकतात, पण मूळ पानावरून तो ज्याने टाकला त्यालाच काढावा लागतो.

ती यादी चौथ्या फोननंतर निघाली. मग मी माझंच फेसबुक उघडलं. प्रजासत्ताक दिन, बक्षीस समारंभ, मेहंदी स्पर्धा. खाली मीच हौसेने लिहिलेलं: मुलीचं पूर्ण नाव, इयत्ता, गाव युसूफ वडगाव, तालुका केज. कुणाच्या आईबापाला विचारलं होतं? पहाटेपर्यंत एकेक फोटो काढत बसलो. दुसऱ्या दिवशी फाटकाजवळ एक आजोबा थांबले होते. म्हणाले, "सर, आमच्या नातीचा फोटो कुठं गेला? पुण्याच्या पाहुण्यांना दाखवायचा होता."